काकूंच्या फोटोचा इम्तिहान

मी खोली बघायला गेले तेव्हा माझे होणारे घरमालक अंगणात कॅमेऱ्याला आंघोळ घालत होते. स्टुलावर कॅमेरा, हातात झाडांना पाणी घालायची झारी, आणि तोंडावर अभिषेकाला बसल्यासारखा गंभीर भाव. माणसाचं डोकं फिरलेलं दिसतंय, निघावं इथून, असं मनात आलं होतं. पण हैदराबादेत तारनाक्याला माझ्या बँकेजवळ दुसरी खोली मिळत नव्हती आणि लेडीज हॉस्टेलच्या सांबाराला मी इतकी विटले होते, की फाटकातच उभी राहिले.

त्यांनी वरही न बघता विचारलं, मराठी का. मी हो म्हटलं. कुठल्या, तर परभणीच्या. "हौ," म्हणाले, "मग थांबा जरासं. अजून उलटा करून धुवायचा राहिलाय."

कॅमेरा उलटा करून धुतला, आडवा करून धुतला, पंच्याने टिपला, आणि मग त्यांनी तो डोळ्याला लावून समोरच्या घराच्या कंपाउंडच्या भिंतीचा एक फोटो काढला. खटक. मागच्या पडद्यावर फोटो नीट निरखला आणि स्वतःशीच म्हणाले, "पर्लेदु." तेलुगूत याचा अर्थ चालेल, काही बिघडलं नाही, एवढाच होतो. पण या घरमालक काकांच्या तोंडी तो शब्द म्हणजे मोठं प्रशस्तिपत्र होतं. एवढ्या वर्षांत माझ्या वाट्याला तो फार कमी वेळा आला.

काका आयुष्यभर रेल्वेच्या सिग्नलचं सामान तपासायच्या खात्यात होते. कंपनीने पाठवलेली पेटी पावसात गळते का, धुळीत गुदमरते का, हादऱ्याने तिचे स्क्रू ढिले होतात का, हे बघायचं आणि पास किंवा नापास म्हणायचं, हे त्यांचं काम. निजामाच्या काळापासून नोकरीपेशातलं घराणं, त्यामुळे बोलण्यात उर्दू मुरलेली. ते परीक्षा म्हणत नसत, इम्तिहान म्हणत. रिटायर झाले तसं खात्याने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि घरी पाठवलं. इम्तिहान मात्र त्यांच्याबरोबर घरी आला आणि काकूंच्या डोक्यावर बसला.

त्या घरात कुठलीच वस्तू नुसती वापरात नसायची. मिक्सरवर इम्तिहान चालू असायचा, छत्रीवर चालू असायचा, नव्या कुलपावर तर असा चालायचा की काका ते उघडून मिटून थकायचे आणि काकू बाहेर भाजीची पिशवी घेऊन ताटकळत उभ्या. वस्तू विकत घेतली म्हणून ती आपली होत नाही, इम्तिहान झाला की होते, हे त्यांचं तत्त्वज्ञान. बाजारात मिळणाऱ्या वस्तूंवरचा मजकूर ते मोठ्याने वाचायचे आणि शेवटी "कोण बोलला?" असं विचारायचे. म्हणजे हे टिकाऊ आहे असं कोण बोलला? ज्याने बनवलं तोच ना?

माझाही इम्तिहान झाला. राहायला आले त्याच आठवड्यात सकाळी मी तोंडाला साबण लावलेला असताना नळ बंद झाला. मी तशीच, फेसाळलेल्या तोंडाने, जिन्यातून खाली आले आणि माझ्या वडिलांनी ऐकलं असतं तर त्यांना घेरी आली असती असं काय काय बोलले. काका टाकीच्या चावीपाशी उभे होते. चावी त्यांनीच बंद केलेली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, पास, आवाज आहे, चोर आला तर गल्ली जागी होईल. मी त्याच क्षणी सामान बांधणार होते. पण काकू वर चहा घेऊन आल्या, पलंगावर बसल्या आणि म्हणाल्या, राग मानू नको बाई, माझाही झाला होता. लग्न झाल्यावर काकांनी त्यांना मुद्दाम भलत्याच बसमध्ये बसवून दिलं होतं, एकटी परत येते का बघायला.

"मग आलात?"

"आले की. पण मधे दिलसुखनगरला भावाकडे राहून आले. तेवढ्यात यांचा झाला इम्तिहान."

काकू बुटक्या, गच्च बांध्याच्या, आणि हसल्या की खांदे हलायचे. मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल दोघंही बोलत नसत आणि कोणी बोलायला लागलं तर काका त्याला मिक्सर दाखवायला घेऊन जात.

आता त्या कॅमेऱ्याबद्दल. काकांना आयुष्यात हौस म्हणून एकच वस्तू हवी होती, कॅमेरा, आणि ती त्यांनी रिटायर होईपर्यंत घेतली नव्हती. घेतला तेव्हा दुकानातले सगळे मोठे, पोट सुटलेले कॅमेरे बाजूला सारून हा एवढासा उचलला. आकार म्हणाल तर काकूंच्या भाजीच्या पिशवीत कोथिंबिरीखाली मावेल. पण उचलला की कळायचं. हाताला थंड लागणारा धातूचा सांगाडा, प्रत्येक फटीला, प्रत्येक बटणाखाली रबराची पट्टी, बॅटरीच्या झाकणालाही पट्टी. अंगठ्याशी एक चाक, पहिल्या बोटाशी एक चाक. अंधारात, ओल्या हाताने, हातमोजे घालूनसुद्धा न बघता चालवता येतो, असं काका सांगायचे. हैदराबादेत हातमोजे कोण घालतं, असं मी विचारलं तर म्हणाले, सिग्नलची पेटी काय हैदराबादेतच बसते का?

त्यांचा खरा जीव होता त्या कॅमेऱ्याच्या खिडकीवर. डोळा लावून बघायची ती जागा, तिला ते खिडकी म्हणत. एकदा मी माझ्या मोबाइलची बढाई मारायला गेले. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि बाहेर बघ म्हणाले. बघितलं. अंगणात काकू पापड वाळत घालत होत्या. नुसत्या काकू. ना झगमगाट, ना आकडे. काका म्हणाले, "तुझ्या मोबाइलात चित्र दिसतं, पोरी. इथून माणूस दिसतं. मधे आरसा आहे फक्त, आरसा खोटं नाही बोलत." मला चिडायचं होतं. पण खरंच तसं होतं. शटरचा तो खटक आवाजही मला हळूहळू आवडायला लागला.

एवढा प्रेमाचा कॅमेरा, आणि त्याच्यात एकाही माणसाचा फोटो नव्हता. कारण इम्तिहान चालू होता ना. पाण्याचा झाला, मग धुळीचा. धुळीसाठी त्यांनी पिठाच्या चाळणीतून त्याच्यावर लाल माती धरली आणि माती संपली तेव्हा काकूंचं गुंटूरचं तिखट वापरलं. दोन दिवस आम्ही तिघं आणि समोरच्या घरातली माणसं शिंकत होतो. थंडीसाठी तो फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्याशेजारी राहिला. दमट हवेसाठी इडलीच्या भांड्यात. म्हणजे खाली इडल्या आणि वरच्या ताटलीत कॅमेरा, मंद वाफेवर. काकूंनी झाकण उघडलं आणि मटकन खालीच बसल्या. हादऱ्यांसाठी तर काका रोज बसने जात. तारनाक्याहून दिलसुखनगर, मागचं सीट, मागच्या चाकाच्या बरोबर वर, मांडीवर कॅमेरा. दिलसुखनगरला उतरायचं नाही, तसंच परत यायचं. कंडक्टरला वाटायचं हे गृहस्थ कोणाच्या तरी पाळतीवर आहेत. तो आदराने वागायचा.

आणि प्रत्येक इम्तिहानानंतर एक फोटो, समोरच्या कंपाउंडच्या भिंतीचा. भिंत रोज तीच, म्हणून फोटोत काही बदललं तर तो कॅमेऱ्याचा दोष, हे त्यामागचं शास्त्र. समोरचे गृहस्थ बिचारे घाबरले. हा माणूस माझ्या भिंतीचे रोज फोटो का काढतो, कोर्टात जाणार की काय, म्हणून त्यांनी एके दिवशी घाईघाईने भिंतीला पिस्ता रंग लावून घेतला. काका हताश. आधीचे सगळे निकाल रद्द. पाणी, धूळ, तिखट, दही, सगळं पहिल्यापासून.

रविवारी सकाळी ते तलावावर जायचे. तिथे कुकटपल्लीकडचे काही कंपनीतले लोक पाखरांचे फोटो काढायला जमत. त्यांच्या भल्यामोठ्या कॅमेऱ्यांना दुधी भोपळ्याएवढी भिंगं आणि दवाचा थेंब पडला की प्लास्टिकची टोपी घालायची घाई. काका जात आणि आपला कॅमेरा तलावात बुचकळून काढत. लोक अवाक झाले. त्यांनी काकांना गुरूच करून टाकलं. सर कधी क्लिक करत नाहीत, सर प्रकाशाची वाट बघतात, असं एकमेकांना सांगायला लागले. एकाने फार गळ घातली तेव्हा काकांनी कॅमेऱ्यातले फोटो दाखवले. भिंत. पुढचा फोटो, भिंत. त्यापुढचा, भिंत, पण पिस्ता. मी त्या दिवशी सोबत गेले होते. मला वाटलं आता हसणार. कसले हसतात. त्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याने इतरांना बोलावून हळू आवाजात सांगितलं, की पिस्ता येतो तिथे बघा, तिथे काळजात चर्र होतं. परत येताना मी काकांना म्हटलं, तुम्ही या लोकांना खरं का सांगत नाही? तर म्हणाले, मी तर खरंच सांगितलं, की ही भिंत आहे.

या सगळ्यात काकूंचं मागणं एकच होतं. त्यांना त्या कॅमेऱ्याने काढलेला स्वतःचा एक फोटो हवा होता. हार घालायचा फोटो.

हे ऐकून मी पहिल्यांदा दचकले होते. तेव्हा काकूंनी मला हॉलच्या भिंतीपुढे उभं केलं. तिथे काकांचे पूर्वज ओळीने लटकलेले. काकांच्या आईचा फोटो कोणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातून कापून मोठा केलेला, त्यामुळे त्यांच्या खांद्यावर एक परका हात कायमचा राहिलेला. तो हात कोणाचा हे आता कोणालाच माहीत नाही, पण दर पितृपक्षात त्यालाही गंध लागतं. आजोबांचा तर फोटोच नव्हता. दुसऱ्या कोणाच्या धडावर त्यांचं डोकं रंगवून घेतलेलं, आणि त्या धडाने टेनिसची रॅकेट धरलेली. एक चुलतआजी नुसती पांढरी धुरकट. काकू म्हणाल्या, बघ, ही आमची तऱ्हा. माणूस जिवंत असताना कोणाला फोटो सुचत नाही आणि गेल्यावर धावाधाव. "मला असं लटकायचं नाही बाई. मला नारायणपेठी नेसून, केस नीट करून, हसत लटकायचंय."

काका म्हणायचे, काढू ना, पहिला तुझाच काढणार, इम्तिहान होऊ दे. आणि एक इम्तिहान संपत आला की दुसरा निघायचा. मी एकदा माझ्या मोबाइलवर काकूंचा फोटो काढून दाखवला. काकूंनी बघितला, छान आहे म्हणाल्या आणि परत दिला. "पण मला त्याच कॅमेऱ्याचा पाहिजे. माझा फ्रीज वापरला त्यानं, माझं इडलीचं भांडं वापरलं, माझं तिखट खाल्लं. माझा हक्क आहे त्याच्यावर."

मग काकूंना दम लागायला लागला. पापड घालताना मधेच बसायच्या, जिना चढून वर येईनाशा झाल्या. तपासणीत निघालं की हृदयाची एक झडप निकामी झालीय, ऑपरेशन करून नवी बसवावी लागेल. त्या दिवशी मी बरोबर होते.  डॉक्टरांचं सांगून झाल्यावर काकांनी विचारलं, नव्या झडपेचा इम्तिहान कुठे झाला? डॉक्टर म्हणाले, परदेशात, सगळ्या चाचण्या होऊनच येते. काकांनी विचारलं, धुळीत केल्या का? डॉक्टर चांगला माणूस. म्हणाले, आजोबा, आत धूळ नसते. काका म्हणाले, कोण बोलला?

घरी आल्यावर काकूंनी जाहीर केलं, दवाखान्यात जायच्या आधी फोटो झालाच पाहिजे. काका म्हणाले, उष्णतेचा राहिलाय. गच्चीवर उन्हात ठेवू. उष्णता झाली तर म्हणाले, मिठाच्या हवेचा राहिलाय, समुद्राकाठी गेलो तर? मला इतका संताप आला. बाई ऑपरेशनला चाललीय, तिला आयुष्यात एक गोष्ट पाहिजे, आणि हा माणूस बादलीत मीठ कालवतोय. मी तोंडावर म्हटलं, काका, तुम्हाला बायकोपेक्षा कॅमेरा प्यारा आहे. ते बादलीतलं मीठ ढवळत राहिले.

दवाखान्यात जायला दोन दिवस राहिले तेव्हा काकू दुपारी नारायणपेठी नेसल्या. वांगी रंगाची, लाल काठाची. मी त्यांची वेणी घातली, पावडर लावली. अंगणात खुर्ची टाकून त्या बसल्या आणि म्हणाल्या, तू जा आणि यांना कॅमेऱ्यासकट घेऊन ये.

काका आले. कॅमेऱ्याला मीठ लागलेलं होतं ते पुसलं. खिडकीला डोळा लावला. खाली घेतला. भिंग पुसलं. पुन्हा लावला. पुन्हा खाली. प्रकाश बरोबर नाही म्हणाले. पाखरांवाल्यांचा शब्द, यांना कधीपासून प्रकाश कळायला लागला? काकूंची खुर्ची इकडे सरकवली, तिकडे सरकवली. चौथ्यांदा की पाचव्यांदा कॅमेरा डोळ्याला लावला आणि खटक न करताच परत खाली घेतला. गुंटूरच्या तिखटात न डगमगलेला तो कॅमेरा त्यांनी दोन्ही हातांनी पोटाशी धरला.

"नाही काढत," काका म्हणाले. "नक्को."

काकूंनी का म्हणून विचारलं.

"एवढी एकच तयारी बाकी आहे तुझी. साडी नेसलीस, केस केलेस. भावाला बोलून झालं, लोणच्याच्या बरण्या या पोरीला दाखवून झाल्या. फोटो काढला की तू मोकळी. मग तुला कोण धरणार?"

एवढ्या वर्षांत त्यांच्या तोंडून असं काही आलं नव्हतं.  पाणी, धूळ, दही, समुद्राची हवा, हे सगळे इम्तिहान कशासाठी चालले होते ते मला आत्ता कळत होतं, आणि मी त्यांना दोन दिवसांपूर्वी काय बोलले होते तेही आठवत होतं.

काकू रडल्या नाहीत. पदर सारखा केला आणि नवऱ्याकडे असं बघितलं जसं त्या खराब निघालेल्या मिक्सरकडे बघत.

"तुमच्या खात्यात पेटी तपासायला यायची, ती काय भंगारात जायला यायची का? पावसात ठेवायचात, परत आणायचात ना? मग मला पण ठेवा. फोटो काढा, चौकट करा, भिंतीवर लावा, हार घाला. मी जाऊन येते. आल्यावर तो हार मी माझ्या हातानं काढीन. काढला तर मी पास."

 त्यांच्याच शास्त्रातलं बोलणं, खोडणार कसं? काका म्हणाले, हार तूच काढायचा, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. काकू म्हणाल्या, दुसऱ्या कोणाला लावू देणारे तुम्ही कोण, मीच काढीन. हा सौदा ठरला तेव्हा काकू खांदे हलवत हसल्या, आणि खटक झालं.

त्या कॅमेऱ्यातला माणसाचा पहिला फोटो. काकांनी मागच्या पडद्यावर बघितला. पर्लेदु म्हणाले नाहीत. तसेच चौकातल्या स्टुडिओत निघून गेले.

काकू दवाखान्यात गेल्या त्या सकाळी त्यांचा फोटो हॉलमध्ये रॅकेटवाल्या आजोबांच्या शेजारी लागला आणि त्याला शेवंतीचा ताजा हार पडला. मला ते बघवेना. जिवंत बाई खाली रिक्षात बसतेय आणि वर भिंतीवर तिला हार. पण त्या घरात शहाणं मी एकटीच होते आणि माझं कोण ऐकतं?

दवाखान्यात काकांना पहिल्याच दिवशी बाहेर काढलं. ऑक्सिजनच्या नळीचे सांधे तपासत होते. मग त्यांनी स्वतःच सांगितलं, तू थांब इथे, मी घरी थांबतो. बायकोचं ऑपरेशन आणि नवरा घरी. मी दात ओठ खाल्ले, रजा टाकली आणि थांबले. काकूंचा भाऊ दिलसुखनगरहून सकाळ-संध्याकाळ यायचा, ऑपरेशनच्या दिवशीही आला. ऑपरेशन झालं, नीट झालं. दुसऱ्या दिवशी काकूंनी शुद्धीवर येऊन पहिली गोष्ट काय मागितली असेल तर इडली. मला हसू आणि रडू एकदम आलं. भाऊ दिलसुखनगरहून अजून पोचला नव्हता, त्याचा फोन लागेना, म्हणून निदान काकांना सांगावं आणि काकूंचे कपडे आणावेत म्हणून मी रिक्षा करून घरी आले.

गल्लीच्या तोंडापासूनच मला चपला दिसायला लागल्या. फाटकाबाहेर चपला, अंगणात चपला. समोरचे पिस्तावाले गृहस्थ पांढरा लेंगा-सदरा घालून कंपाउंडला टेकून उभे. मी रिक्षावाल्याकडून सुट्टे न घेताच धावले. दवाखान्यातून निघाले तेव्हा तर इडली मागत होत्या, रिक्षात होते तेवढ्यात काय झालं?

आत गेले तर हॉल भरलेला. झालं होतं असं, की शेजारची एक बाई काकूंची चौकशी करायला आली. दारातून तिने हार घातलेला फोटो बघितला, आत पाऊलही टाकलं नाही, आणि गल्लीभर सांगत सुटली. कोणीतरी दिलसुखनगरला कळवलं. तो भाऊ, सत्तरीचा माणूस, दवाखान्यात यायचा तो इकडे आला होता आणि जमिनीवर बसून लहान मुलासारखा हुंदके देत होता. तलावावरचे पाखरांवाले आले होते. काका फोटोखाली स्टुलावर ताठ बसलेले. लोक त्यांना विचारत, कधी झालं? काका म्हणत, अजून कळलं नाही. कसं झालं? निकाल लागला नाही अजून. लोक एकमेकांकडे बघत आणि मान हलवत, की धक्का बसलाय, डोक्यावर परिणाम झालाय. कोणीतरी भटजीचं विचारलं तर काका म्हणाले, लागले तर उद्या सांगतो.

मी दारातूनच ओरडले. मला आवाज आहे हे काकांनी आधीच ठरवून टाकलं होतं. काकू जिवंत आहेत, इडली मागताहेत, सगळे उठा आणि आपापल्या घरी जा, असं मी काय काय ओरडले.  मग भाऊ उठला. रडून लाल झालेले डोळे पुसले, आणि आपल्या मेहुण्याकडे असा चालत गेला की मला वाटलं आता हात उगारतो. "माझी बहीण जिवंत आणि तुम्ही हार घालता? काढा तो." काका स्टुलावरून उठले आणि फोटोच्या पुढे हात पसरून उभे राहिले. नाही म्हणाले. भावाने त्यांचा दंड धरला. काका हलेनात. ती येऊन काढेल, तुम्ही हात लावला तर ती नापास होईल, एवढंच परत परत म्हणत होते. सत्तरीचे दोन म्हातारे, एक ओढतोय, एक चिकटून उभा, आणि भिंतीवर काकू नारायणपेठी नेसून हसताहेत. पाखरांवाल्यांपैकी कोणी फोटो काढला नाही, हे त्यांचं मोठेपण.

तेव्हा मला समजलं, काका दवाखान्यात का येत नव्हते. ते हाराची राखण करत होते. रात्रंदिवस त्या स्टुलावर बसून, कोणी चुकून काढू नये म्हणून.

काकू घरी आल्या त्या दिवशी भाऊ आणि मी त्यांना दोन्हीकडून धरून आत आणलं. छाती उघडून केलेलं ऑपरेशन. डॉक्टरांनी बजावलं होतं की दोन-तीन महिने हात खांद्याच्या वर उचलायचा नाही, नाहीतर हाड जुळणार नाही. हे काकांना कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांनी स्टूल आणून फोटोखाली मांडलं, फडक्याने पुसलं आणि बाजूला उभे राहिले, काकूंनी चढावं म्हणून. मी सांगितलं. काकांचा चेहरा पडला. भाऊ पुढे झाला, मी काढतो म्हणाला, तर काकांनी नुसता हात आडवा केला.

काकू आपल्या फोटोकडे बघत होत्या. पहिल्यांदाच बघत होत्या. शेवंती वाळून तपकिरी झाली होती आणि तिच्या आत काकू हसत होत्या, खांदे हलताहेत असं वाटावं इतक्या खऱ्या. 

"किती छान आलाय हो," काकू म्हणाल्या. "मेले असते तरी हरकत नव्हती."

काकांनी भावाला बाजूला सारलं. मग स्वतःच त्या स्टुलावर चढले. आयुष्यात कुठल्याही इम्तिहानात त्यांनी कोणाला मदत केली नव्हती. दोन्ही हातांनी तो वाळका हार काढला आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाले,

"मला होती हरकत."